लेकीला घेऊन पुण्याहून वाईला जावं का? (एकल पालक आणि लहान गाव)

मधुमालती | ६ एप्रिल, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इथे सहा वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ३८ वर्षांची. लेक नऊची, जूनमध्ये चौथीत जाईल. परस्परसंमतीने घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली. ताबा माझ्याकडे. तिचे बाबा पुण्यातच असतात आणि एक शनिवार आड तिला भेटतात. त्या बाबतीत काही कटकट नाही.

मी एका कंपनीची जीएसटी-टीडीएसची कामं घरून बघते, ऑफिसला महिन्यातून दोनदाच जावं लागतं. वाकडला राहतो. भाडं ३१ हजार, पाळणाघर, शाळेची बस, सोसायटीतले नाचाचे आणि स्केटिंगचे क्लास. महिनाअखेरीस हातात काय उरतं ते लिहीत नाही, लाज वाटते.

पण खरं कारण पैसे नाहीत. फेब्रुवारीच्या वीस तारखेला (जीएसटीवाल्यांना कळेल वीस तारीख म्हणजे काय, महिन्याचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस) दुपारी पाळणाघरातून फोन आला, मुलीला १०२ ताप आहे, घेऊन जा. मी नेमकी त्या दिवशी ऑफिसात, खराडीला. खराडी ते वाकड भरदुपारी दीड तास. त्या दीड तासात फोनमधले सगळे नंबर वरखाली केले. आमच्या इमारतीत ८८ फ्लॅट आहेत. "तासभर हिला तुमच्याकडे बसवता का" असं ज्यांना म्हणता येईल असं एकही घर सापडलं नाही. लिफ्टमध्ये सगळे हसतात हो, वाईट कुणीच नाही.

वाईला गणपती आळीत माझी सख्खी मावशी राहते. ७१ वर्षांची, एकटी, गुडघे दुखतात पण जीभ शाबूत. ती म्हणते ये इकडे. तिच्याच घरात राहायचं नाही, जवळपास भाड्याने घ्यायचं, असं मनात आहे.

शाळा, रात्री-अपरात्रीचा दवाखाना, इंटरनेट याची चौकशी करतेच आहे. पण ज्यांनी असं प्रत्यक्ष केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. लोक कसे वागतात? आणि पंधराव्या वर्षी पोरगी मला "तू मला पुण्यातून का काढलंस" म्हणेल का?

इडली_चटणी | ६ एप्रिल, रात्री १०:५५

वाचतेय. मलाही हवंय हे.

सुपारीफुटाणा | ६ एप्रिल, रात्री ११:०३

पंधराव्या वर्षी पोरं तसंही "का" म्हणतातच. पुण्यात ठेवलंत तर "मुंबईत का नाही" म्हणेल. :)
वाईला जाताय म्हणजे तिथल्या मराठी विश्वकोशाच्या कार्यालयात नोकरी लागली असं वाटलं आधी.

बोगद्यापलीकडे | ६ एप्रिल, रात्री ११:३०

ताई, मी साताऱ्याचा, सासुरवाडी वाई. त्यामुळं वाईबद्दल वाईट बोलायची सोय नाही, तरी खरं ते सांगतो.

घर बघताना घाटाजवळच्या जुन्या आळ्या दिसायला लई भारी. गंगापुरी, मधली आळी, ढोल्या गणपती, समोर कृष्णा. पण जुन्या वाड्यात पावसाळ्यात ओल चढते आणि गाडी लावायला जागा नसते. सिद्धनाथवाडी, सोनगीरवाडीकडं नवीन बांधकामं आहेत, तिथं बघा. मावशींकडं चालत जाता येईल असं मिळालं तर सोनं. तुमच्या वाकडच्या भाड्यात इथं तीन घरं येतील.

दवाखाना: साधा ताप, पडणं, टाके, हे गावात होतं. जरा मोठं काही असलं की सातारा, ३५ किलोमीटर. रात्री दोनला कोण गाडी काढंल, हे आधी ठरवून ठेवा. गाडी येत नसंल तर शिका. हे मी बायकोलापण दहा वर्षं सांगतोय.

वीज आठवड्यातून एकदा दुरुस्तीसाठी दिवसभर जाऊ शकते. वीस तारखेलाच जाईल, बघा तुम्ही. इन्व्हर्टर घ्या.

आता मुख्य गोष्ट, जी कुणी सांगणार नाही. शनिवारी सकाळी सगळं पुणं महाबळेश्वरला निघतं आणि खंबाटकी घाटात अडकतं. मुलीच्या बाबांनी वाईला यायचं ठरवलं तर दोन भेटींत कंटाळतील. उलट करा. शनिवारी सकाळी पुण्याकडं येणारा रस्ता मोकळा असतो, घाट चढायचा नाही, बोगद्यातून सरळ बाहेर. रविवारी संध्याकाळी सगळे पुण्याला परतत असतात तेव्हा पोरगी वाईला येत असंल. म्हणजे दोन्ही वेळा गर्दीच्या उलट. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पोरगीचंही अर्धंच.

मधुमालती | ७ एप्रिल, सकाळी ७:१५

बोगद्यापलीकडे, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. मी उलट असं गृहीत धरून बसले होते की "त्यांना भेटायला वाईला येणं जमणार नाही, म्हणून जाऊच नये". तुमचा प्रतिसाद तसाच्या तसा त्यांना पाठवलाय.

स्पष्टवक्ता_७१ | ७ एप्रिल, सकाळी ९:४०

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. तुम्ही तुमची सोय बघताय, मुलीची नाही. एक तर वडील रोज नाहीत, त्यात शाळा, मैत्रिणी, क्लास सगळं तोडणार. लहान गावात आज ना उद्या मुलीला ऐकवणारे भेटतीलच. पुण्यात निदान कुणी विचारत नाही. आमच्या काळी बायका सहन करून एकाच जागी राहत होत्या, मुलं घडलीच ना?

इडली_चटणी | ७ एप्रिल, सकाळी ९:५२

"राग मानू नये" लिहिलं की पुढचं वाचायच्या आधीच राग येतो.

सुपारीफुटाणा | ७ एप्रिल, सकाळी १०:०१

सहन करून घडलेली मुलंच पुढे असे प्रतिसाद लिहितात काका.

वाशिष्ठीकाठ | ७ एप्रिल, दुपारी १:२०

स्पष्टवक्ता यांच्या एका वाक्याशी सहमत आहे, "पुण्यात निदान कुणी विचारत नाही". धागाकर्तीची तक्रारही तीच आहे ना, की कुणी विचारत नाही? लहान गावात विचारतात. पाठ सोडत नाहीत.

मी २०१८ साली मुलाला घेऊन ठाण्याहून चिपळूणला आले. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. नोकरी मिळाली म्हणून आले, ओळखीचं कुणी नव्हतं. घर बघायला जायचे तेव्हा तीन ठिकाणी एकच संवाद व्हायचा: "किती माणसं?" "दोघं." "मिस्टर काय करतात?" "मिस्टर नाहीत." मग जरा वेळ गप्प, आणि मग "आम्ही विचारून सांगतो". कुणाला विचारून सांगतात हे मला आजवर कळलेलं नाही. चौथ्या घरी काकींनी डिपॉझिट दुप्पट मागितलं आणि किल्ली दिली. मला ते जास्त प्रामाणिक वाटलं.

पहिल्या वर्षी काकी रोज काहीतरी विचारायच्या. कोण आलं होतं, उशीर का झाला, टपालात काय आलं. मी आतल्या आत धुमसायचे. त्यात एक चूक माझीही होती. मी सुरुवातीला "ते बाहेरगावी असतात" असं सांगून ठेवलं होतं. एकदा खोटं सांगितलं की ते सांभाळत बसावं लागतं. मुलालाही ते पाठ करायला लावलं होतं, त्याची आजही लाज वाटते. शेवटी एक दिवस पिठाच्या गिरणीत, दळण घेता घेता, गिरणीवाल्या बाईंना सगळं सरळ सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत आळीला कळलं आणि विषय संपला. गावाला काही कळवायचं असेल तर एकदाच, गिरणीत कळवावं.

मग २२ जुलै २०२१. चिपळूणकरांना तारीख सांगायला नको. आमचं घर तळमजल्यावर. पहाटे काकींनी वरून हाका मारल्या तेव्हा पाणी पायरीला लागलं होतं. मुलगा, कागदांची पिशवी आणि का कोण जाणे कुकर, एवढं घेऊन मी वर गेले. थोड्या वेळाने खाली वाकून पाहिलं तर फ्रीज पाठीवर पडून माझ्याच स्वयंपाकघरात तरंगत होता. वर आम्ही नऊ माणसं, वीज नाही, फोन नाही. काकींनी मेणबत्ती लावून कोरा चहा केला. माझ्या हातात कप देता देता हळूच विचारलं, "मग तुमचं ते कायदेशीर झालंय, की नुसतेच वेगळे राहता?"

खाली माझा संसार पोहत होता आणि या बाईला हे पडलं होतं! इतकी हसले, इतकी हसले, की मुलगा घाबरून रडायला लागला.

चिखल काढायला पंधरा दिवस गेले, काकी रोज खराटा घेऊन खाली हजर. आणि रोज विचारायच्या. दोन्ही एकच माणूस करतं, एक हवं आणि दुसरं नको असं जमत नाही. मला ते परवडलं. सगळ्यांना परवडेलच असं नाही.

बर्फाळ_बाई | ७ एप्रिल, दुपारी ४:०५

वाशिष्ठीकाठ, __/\__
मी कॅनडातल्या एका छोट्या गावात मुलाला घेऊन राहते. गावात भारतीय घरं चार. इथल्या गोऱ्यांनी पाच वर्षांत एकदाही विचारलं नाही. ती चार भारतीय घरं मात्र पहिल्या दिवाळीला फराळाचं ताट घेऊन आली, आणि ताट खाली ठेवायच्या आधी, "युवर हजबंड?"
ताट मी ठेवून घेतलं. चकल्या चांगल्या होत्या.

नोटरी_नानी | ७ एप्रिल, संध्याकाळी ६:३०

वकील आहे, पण हा सर्वसाधारण सल्ला समजावा, तुमची कागदपत्रं तुमच्या वकिलांनाच दाखवा.

आधी हुकूमनाम्यासोबतच्या संमतीच्या अटी काढून वाचा. भेटीची जागा "पुणे" अशी लिहिली आहे का? मुलीला जिल्ह्याबाहेर नेताना कळवावं लागेल किंवा परवानगी लागेल असं काही आहे का? असेल तर न कळवता जाऊ नका. आज संबंध चांगले आहेत म्हणून तोंडी ठरवतात, आणि उद्या त्यांचं दुसरं लग्न झालं, कुणी कान भरले, की तेच "मुलीला पळवून नेली" होतं. दोघांनी मिळून नवं वेळापत्रक लिहून काढा, निदान ईमेलवर. अटीच बदलाव्या लागत असतील तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच न्यायालयात अर्ज करून ताबा-भेटीचा आदेश बदलून घेता येतो. दोघांची संमती असली की हे काम फार किचकट नसतं.

शाळा: दाखला वेळेत मिळाला नाही म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५. फीची बाकी दाखवून दाखला अडकवून ठेवण्याचे प्रकार होतात, म्हणून मे महिन्यातच लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

घर: भाडेकरार नोंदवूनच घ्या. आपल्याकडच्या भाडे नियंत्रण कायद्यात (१९९९, कलम ५५) नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. लहान गावात "कशाला एवढं, आपण घरचीच माणसं" असं म्हणतात. घरच्याच माणसांचे खटले मी तीस वर्षं चालवतेय.

स्पष्टवक्ता_७१ | ७ एप्रिल, रात्री ८:१०

माझा मुद्दा वेगळा होता. असो. मराठी माध्यमात घालणार का आता मुलीला? इंग्रजीचं काय?

बोगद्यापलीकडे | ७ एप्रिल, रात्री ८:२२

गावात इंग्रजी माध्यम आहे, सेमीपण आहे. सेमीत गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठी. माझी दोन्ही पोरं सेमीची. थोरला पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, धाकटी मला इंग्रजीत शिव्या देते. चाललंय बरं.

(यानंतर मराठी माध्यम, लाडकी बहीण आणि हिंदीची सक्ती यांवर १४ प्रतिसाद)

व्यवस्थापक | ८ एप्रिल, सकाळी ११:००

विषयांतर करणारे प्रतिसाद काढले आहेत. माध्यमाच्या वादासाठी आधीचे अकरा धागे आहेत, तिथे जागा शिल्लक आहे.

फळा_खडू | ८ एप्रिल, रात्री ९:४५

मी पुरुष एकल पालक. जिल्हा परिषदेचा शिक्षक, आटपाडी तालुक्यात. पत्नी २०१९ मध्ये गेली. मुलगी तेव्हा सात वर्षांची, मुलगा तीनचा.

पहिले सहा महिने आमच्या घरी चूल पेटली नाही म्हटलं तरी चालेल. आज या घरून भाकरी, उद्या त्या घरून आमटी. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी मला वेणी घालायला शिकवलं. आधी सुतळीचे तीन पदर खिळ्याला बांधून सराव करून घेतला, मग पोरीच्या केसांना हात लावू दिला. मुलांच्या आजारपणात बालसंगोपन रजा मिळाली. राज्य सरकारी महिलांना ती १८० दिवस असते, पत्नी हयात नसलेल्या पुरुषालाही मिळते. फार पुरुषांना ते माहीत नसतं.

दोन वर्षांनी माझी धाकटी बहीण नवऱ्याला सोडून मुलासह याच गावात आली. आमच्यापासून तिसरं घर. तेच गाव, तीच माणसं, त्याच मावशी. मला डबे आले होते, तिला प्रश्न आले. मी रात्री नऊला घरी आलो तर "बिचारे सर किती राबतात", ती आठला आली तर खिडकीचे पडदे हलायचे. मी हे शाळेत बोलून दाखवलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "सर, तुमची बायको मेली. तिचा जिता हाय." यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

आता बहिणीचं बरं चाललंय. शिवणकाम करते, अर्ध्या गावाची ब्लाउजं तिच्याकडे. बाई ब्लाउज शिवणारीशी फार वाकडं घेत नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला उपयोग होईल म्हणून सांगतो. उत्पन्न कमी असलेल्या एकल पालकांच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची. महिन्याला २२५० रुपये, अठरा वर्षांपर्यंत. घटस्फोटितांच्या मुलांनाही मिळते. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज जातो, बालकल्याण समिती मंजूर करते. शाळेतल्या चार मुलांचे अर्ज मी स्वतः भरून दिलेत. आणि मधुमालती, नवोदयची परीक्षा द्यायची असेल तर पाचवी त्याच जिल्ह्यात करावी लागते, तेव्हा जायचं तर चौथीतच जाणं बरं.

इडली_चटणी | ८ एप्रिल, रात्री १०:१०

"तिचा जिता हाय". बाप रे.

परतलेली | ९ एप्रिल, दुपारी २:५०

सगळे "जा, जा" म्हणताहेत म्हणून उलटी बाजू मांडते. मी गेले होते आणि चौदा महिन्यांत परत आले.

गावाचं नाव लिहीत नाही, माहेरचंच आहे. लोक वाईट नव्हते. घर स्वस्त, आई-बाबा पाच मिनिटांवर. मुलगा सहा वर्षांचा, त्याला बोलण्यात अडचण आहे, आठवड्यातून दोनदा वाचा-उपचार लागायचे. गावात ते देणारं कुणी नव्हतं. आधी म्हटलं ऑनलाइन करू. सहा वर्षांचा मुलगा पडद्यासमोर किती बसणार? मग दर शनिवारी पहाटेची गाडी धरून शहरात, रात्री परत. चार महिन्यांत मुलगा एसटी दिसली की पोट धरून बसायला लागला.

दुसरं म्हणजे माझं स्वतःचं. माहेरी गेल्यावर मी परत कुणाची तरी "लहान मुलगी" झाले. छत्तिसाव्या वर्षी "कुठे निघालीस" याचं उत्तर देऊन बाहेर पडायचं. मुलाला मी रागावले की आई त्याला जवळ घ्यायची आणि माझ्याकडे बघायची. घरात मूल दोन, आणि त्यातली एक मी.

तिसरं लिहायला संकोच वाटतो, तरी लिहिते. एकल आई म्हणजे फक्त आई नसते. पुण्यात मी कुणाबरोबर कॉफी प्यायले तर ती कॉफीच असते. गावात ती लग्नाची बोलणी असते, नाहीतर त्याहून वाईट काहीतरी.

मला परत आल्याचा पश्चात्ताप नाही, गेल्याचाही नाही. मधुमालती, तुमच्या मुलीला अशी काही खास गरज नसेल तर निम्मं काम सोपं आहे. पण मावशींपासून दोन गल्ल्या लांब घर घ्या. एकाच जिन्यात नको.

वाशिष्ठीकाठ | ९ एप्रिल, दुपारी ३:१५

कॉफीबद्दल शंभर टक्के. मी तेवढ्यासाठी रत्नागिरीला जायचे. "बँकेचं काम" असायचं. :)

सुपारीफुटाणा | ९ एप्रिल, दुपारी ३:१८

चिपळूणच्या बँका बदनाम केल्यात तुम्ही.

गडहिंग्लजी | १० एप्रिल, रात्री १२:२०

मी या धाग्यावर जरा वेगळ्या खुर्चीत बसलोय. मी ते मूल आहे. आता ३४ वर्षांचा.

आई परिचारिका. मी पाच वर्षांचा असताना कोल्हापूर सोडून ती मला घेऊन गडहिंग्लजला आली. गावात मला "सिस्टरांचा मुलगा" म्हणायचे, माझं नाव निम्म्यांना माहीत नव्हतं. आईची रात्रपाळी असली की मी समोरच्या घरी झोपायचो. तिथल्या आजोबांची घोरण्याची पद्धत मला अजून वाजवून दाखवता येते. खाण्यापिण्याची, अभ्यासाची, प्रेमाची आबाळ झाली नाही. शहरात आईला रात्रपाळी करता आलीच नसती, असं ती आजही म्हणते.

काय बोचलं ते सांगतो. शाळेत दरवर्षी जूनमध्ये नवे गुरुजी यायचे आणि हजेरी घेताना विचारायचे, वडील काय करतात? मला काय म्हणायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं. आई त्या विषयावर बोलायची नाही, मी विचारायचो नाही. मग मी दरवर्षी वेगळं सांगायचो. एका वर्षी ते मिलिटरीत होते. एका वर्षी ते वारले होते, त्या दिवशी बाईंनी मला जवळ घेतलं आणि मी दिवसभर आतून थरथरत होतो, की आता घरी कळणार.

लोकांनी विचारल्याचा त्रास नव्हता, उत्तर नसल्याचा होता. तुमच्या लेकीला निघायच्या आधी एक वाक्य देऊन ठेवा. खरं, छोटं, तिला स्वतःला म्हणायला आवडेल असं. "बाबा पुण्यात राहतात, मी आणि आई इथे राहतो" एवढं पुरे. दोघींनी आरशासमोर म्हणून बघा हवं तर.

आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आईचं नाव येतं. बातमी वाचली त्या दिवशी आईला फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं. गॅस संपलाय, नंबर लावून दे."

मधुमालती | १० एप्रिल, सकाळी ६:५०

रात्री हे वाचून झोप लागली नाही. सगळ्यांचेच आभार, नावं घेत बसत नाही.

खरं सांगू का, "बाबा बाहेरगावी असतात" हे वाक्य मी स्वतः सोसायटीतल्या दोघींना सांगितलंय. वाकडला. म्हणजे तिथे कुणी विचारत नाही हेही पूर्ण खरं नव्हतं.

ठरवलंय ते असं: मे महिना मावशीकडे राहून बघायचं. सुट्टी म्हणून नव्हे, काम चालू ठेवून. वीस तारीख तिथे काढून बघायची. मग लिहिते.

स्पष्टवक्ता_७१ | १० एप्रिल, सकाळी ९:३०

हे योग्य केलंत. आधी बघून मग ठरवावं. मी रविवार पेठेत वाढलो, सातारा नव्हे, वाईच्याच. काही लागलं तर व्यक्तिगत निरोप करा, माझा पुतण्या तिथे असतो.

इडली_चटणी | १० एप्रिल, सकाळी ९:३४

काका वाईचे निघाले!!!

सुपारीफुटाणा | १० एप्रिल, सकाळी ९:४१

म्हणजे "ऐकवणारे भेटतीलच" हे स्वानुभवातून होतं तर. :)

मधुमालती | ४ जून, रात्री ११:१५

धागा वर काढतेय. मे झाला.

वीस तारखेला वीज गेली. बोगद्यापलीकडे, तुमच्या तोंडात साखर पडो असं म्हणणार नाही. अकरा ते पाच. मोबाइलचं नेट पोर्टलवर नुसतंच गरगरत होतं. मावशीने समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेलं, त्याच्याकडे बॅटरी होती. त्याच्या दुकानात, दहावी-बारावीच्या निकालाच्या गर्दीत, स्टुलावर बसून मी ३बी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) भरला. पैसे घेतले नाहीत त्याने. "मिस्टर पण सीए का?" एवढं मात्र विचारलं. मी म्हटलं, "मिस्टर नाहीत, आणि सीए मीपण नाही." तो म्हणाला, "मग आमचं पण बघाल का, आमचा सीए फोन उचलत नाही." आतापर्यंत तीन दुकानदार झालेत. याचा विचारच केला नव्हता.

लेक पहिले आठ दिवस रडली. वायफाय रेंगाळतं, मैत्रिणी नाहीत, मावशीआजी सारखं "पाय जवळ घेऊन बस" म्हणते. मग गणपती आळीत कुणाची तरी मांजर व्यायली आणि प्रश्न सुटला. सुटला म्हणजे तात्पुरता. पुण्याच्या दोघी मैत्रिणींची नावं अजून रोज घेते, मी तिला गप्प करत नाही.

मावशीशी दोनदा भांडण झालं. एकदा मुलीच्या हाफ पँटवरून, एकदा माझ्या फोनवरून. दोन गल्ल्या लांब घ्या म्हणणाऱ्या परतलेली यांना साष्टांग नमस्कार. सिद्धनाथवाडीत घर मिळालंय, दोन खोल्या आणि गच्ची. करार नोंदवला. मालक म्हणाले, "कशाला एवढं, आपण घरचीच माणसं", तेव्हा मला नानींची आठवण येऊन हसू फुटलं आणि ते जरा दुखावले.

तिच्या बाबांनी शनिवारचं मान्य केलं, ईमेलवर. पहिल्यांदा त्यांनी हट्टाने स्वतः गाडी घेऊन वाईला यायचं ठरवलं. घाटात साडेतीन तास अडकले. आता पोरगीच पुण्याला जाते, बोगद्यातून.

वाक्याचं सांगायचं राहिलं. मी तयार करून दिलं होतं तिला. शाळेत चौकशीला गेलो तेव्हा लिपिकबाईंनी विचारलं, वडील? तर ही म्हणाली, "आहेत. पण तुम्ही आईलाच फोन करा, ती लगेच उचलते."

आता एक मदत हवी आहे. इन्व्हर्टर घ्यायला दुकानात गेले तर तो "मिस्टरांना घेऊन या, लोड किती ते त्यांना समजावतो" म्हणाला. दोन खोल्या, एक फ्रीज, लॅपटॉप आणि राउटर. बॅटरी केवढी लागेल?

बोगद्यापलीकडे | ४ जून, रात्री ११:४०

फ्रीज इन्व्हर्टरवर टाकू नका. दोन पंखे, चार दिवे, लॅपटॉप, राउटर, एवढ्याला १५० एएचची एक बॅटरी बास. वाईत नको, साताऱ्यात घ्या, मेव्हण्याला सांगतो. आणि बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घाला, ते मिस्टर लोकही विसरतात.

स्पष्टवक्ता_७१ | ५ जून, सकाळी ८:०५

साताऱ्याला कशाला? पुतण्याचं वाईतच इलेक्ट्रिकचं दुकान आहे.

मधुमालती | ५ जून, सकाळी ८:२०

काका, बाजारपेठेत, पाटीवर गणपती आहे ते का?

स्पष्टवक्ता_७१ | ५ जून, सकाळी ८:२६

हो. का?

सुपारीफुटाणा | ५ जून, सकाळी ८:२७

🍿